माझ्या आईला काहीच नको

मुलांनो, डोळे मिटा आणि पुठ्ठ्याचा एक चपटा तुकडा समोर आणा. साधा, पांढरा, तुमच्या चित्रकलेच्या वहीएवढा. त्याच्यावर कुणीतरी रेघा दाबून ठेवल्यात. पहिल्या रेघेवर दुमडा. दुसरीवर दुमडा. आता दोन्ही बाजूंचे कान आत खोचा. झाला की नाही खोका? डिंक नाही, चिकटपट्टी नाही. मघाशी ज्याच्यावर फार तर बसता आलं असतं, त्याच्यात आता तुमच्या सगळ्या गोट्या मावतील. यात जादू काही नाही. कुठली रेघ कुठे हवी, याचा कुणीतरी आधी बसून विचार केला होता, एवढंच.

उघडा डोळे. असा विचार करायला जिला मनापासून आवडायचं, तिच्या मुलीची ही गोष्ट.

मुलगी अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. टाचणीचे बाबा बोटीवर कामाला होते आणि वर्षातला बराचसा काळ समुद्रावर असत. आई खोक्यांच्या कारखान्यात होती. पुठ्ठ्यावर घड्यांच्या रेघा दाबणारं एक यंत्र असतं, त्याच्यावर ती उभी असायची. त्याच कारखान्यात, माल बांधायच्या विभागात, टाचणीचे काका होते. ते शेजारच्याच घरात राहत, आणि आपल्या घरापेक्षा टाचणीच्या घरात त्यांचं जास्त लक्ष असे.

आता या कारखान्याची गंमत ऐका. माणसाचं कामात मन लागतं की नाही, हे कळायला एक सोपा उपाय आहे. माणूस काम करत असताना त्याच्याकडे बघायचं. पण त्यासाठी जिना उतरून खाली यावं लागतं. मालकांना ते जड गेलं. म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावर आपलेपणा विभाग नावाचा एक विभागच उघडला आणि तिथे एक मॅडम बसवल्या. मॅडमनी बाहेर पडायच्या दाराशी तीन बटणं लावली. एकावर हसरा चेहरा, एकावर सरळ तोंडाचा, एकावर रडका. घरी जाताना प्रत्येकाने एक दाबायचं. किती चेहरे हसले त्यावरून कोणाला कारखाना किती आपला वाटतो, ते वरच्या मजल्यावर बसल्या बसल्या कळणार!

काकांचा बांधणी विभाग कायम पहिला. कारण काका रोज दाराशी उभे राहत आणि सगळ्या विभागाच्या वतीने हसरं बटण स्वतःच दाबत सुटत.

"काका, सगळ्यांचं तुम्हीच कसं दाबता?" टाचणीने एकदा विचारलं होतं.

"एखाद्याचा हात चुकून सरळ तोंडावर पडला तर मॅडम खाली येतात. विचारपूस करतात. मग कामाचा खोळंबा."

"पण ते खरंच हसतात का?"

"आम्हाला कुठे हसायला सांगितलंय? बटण दाबायला सांगितलंय."

काकांना एवढ्यासाठीच कारखान्याने 'आपला माणूस' हा मान पुन्हा पुन्हा दिला होता. काका आयुष्यात कधी काही मागायला गेले नव्हते, कुठे काही शिकायला गेले नव्हते, आणि याचा त्यांना फार अभिमान होता. "आपली वाट आपण ठरवायची नसते. वरचे ठरवतात. आपण मान हलवायची," असं ते सांगत आणि सांगताना खरोखरच मान हलवत. रोज शेकडो खोके त्यांच्या हाताखालून जात. त्यांत पुढे काय भरलं जाणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आजच्या खोक्यांत काय भरणार, काका?"

"माल."

"कसला?"

"खोक्यात मावणारा."

आईचं तसं नव्हतं. औषधाच्या बाटल्या जाणार असतील तर ती रेघ किती दाबायची ते वेगळं बघायची, दिवे जाणार असतील तर वेगळं. आधी तीही नुसती यंत्राशी उभी असायची. मग एकदा तिच्या मनात आलं की रेघा दुसऱ्याने ठरवायच्या आणि आपण त्या जन्मभर दाबायच्या, हे काही खरं नाही. तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि आकृत्या काढायला शिकली. गंमत अशी की ज्या दिवसापासून तिला पुढे जायचं सुचलं, त्या दिवसापासून तिचं हातातल्या कामातही जास्त लक्ष लागायला लागलं. घरी येऊन ती टाचणीला सांगायची, आज अमुक खोका का उकलला, तमुक कान का फाटला. जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नसे, इतके पुठ्ठे.

असं असताना नमुना खोलीतली जागा रिकामी झाली. नमुना खोली म्हणजे जिथे नवा खोका पहिल्यांदा आखतात, कापतात, दुमडून बघतात ती खोली. आईने अर्ज केला. सोबत आपण केलेले नमुने एका मोठ्या चेनच्या पिशवीत भरून मॅडमकडे नेऊन दिले.

काकांच्या कानावर गेलं आणि ते चपला न काढताच घरात आले.

"अगं, ऐकतोय ते खरं का? करिअर करतेयस म्हणे!"

"जागा मागितलीय, भाऊजी."

"मागितलीस! म्हणजे मालकांना डोळे नाहीत? द्यायची असती तर त्यांनी दिली नसती? सगळे मला विचारतायत, तुमच्याच घरातली बाई कारखान्याला परकं का समजते? माझी मान खाली गेली."

"ती हलवून हलवून दमली असेल," टाचणी म्हणाली.

"टाचणे!" आई म्हणाली, पण तिने पटकन तोंड फिरवलं. हसू लपवायला माणूस दुसरं काय करणार?

कारखान्याचा कुटुंब-दिवस जवळ आला होता. त्या दिवशी कामगारांची बायकामुलं बोलवत, जेवणाच्या सभागृहात फुगे लावत, भाषणं करत आणि रिकाम्या जागा कोणाला दिल्या ते मालक स्वतः सांगत. आदल्या दिवशी मॅडमनी आईला टाचणीसकट वर बोलावलं. खोलीत भिंतीवर पुठ्ठ्याचा एक प्रचंड तापमापक होता. प्रत्येक विभागाची तांबडी पट्टी किती वर चढली ते त्याच्यावर दिसे. बांधणी विभागाची पट्टी छताला टेकली होती.

"तुमचे नमुने छान आहेत हं," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "पण आपलेपणाचे गुण कमी पडतायत. एकदा तुम्ही सरळ तोंडाचं बटण दाबलंत."

"त्या आठवड्यात यंत्राचा रेघा दाबणारा रूळ झिजला होता. मी सांगून थकले होते."

"मी तेव्हा तुम्हाला विचारलंही होतं, तुमचं काय बिनसलंय."

"आणि मी म्हटलं, माझं नाही, रुळाचं."

"तेच ते. शिवाय संध्याकाळी वर्गाला जाता. मीटिंगमध्ये विचारता, मला इथे पुढे काय शिकायला मिळेल? ज्याचं लक्ष स्वतःच्या वाटेकडे, त्याचं मन इथे कसं लागणार? दुसरीकडे बघणारं माणूस आम्हाला आपलं कसं वाटावं?"

"मी दुसरीकडे बघत नाही, मॅडम. पुढे बघतेय. मन लागलं नसतं तर रुळाचं कशाला बोलले असते? हसरं बटण दाबून घरी नसते गेले?"

मॅडम हसल्या. उत्तर सुचलं नाही की त्या हसत. मग त्यांनी टाचणीकडे मोर्चा वळवला.

"एक उपाय आहे. उद्या दरवर्षीप्रमाणे मुलं आपापल्या आईबाबांबद्दल एकेक वाक्य बोलतील. तुझं वाक्य मी लिहून ठेवलंय. मालकांना ते आवडलं तर गुणांचं मी बघते." आणि त्यांनी वाचून दाखवलं: "'माझ्या आईला काहीच नको. कारखाना ठेवेल तशी ती आनंदाने राहील.'"

टाचणीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "पण तिला नमुना खोली हवीय ना?"

"हो, बाळा."

"मग हवीय ते मिळवायला काही नको म्हणायचं?"

"अगदी बरोबर!" मॅडम म्हणाल्या. पोरीला एका झटक्यात समजलं याचं त्यांना खरोखर कौतुक वाटलं. बिचाऱ्यांना आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता.

त्या दिवशी दुपारी काकांनी जिन्यात टाचणीची तालीम घेतली.

"'काहीच' वर जोर दे. का-ही-च! आणि हात जोड. मान थोडी वाकडी."

"दुखते का म्हणून विचारतील."

"चावटपणा पुरे. बघ, एक वाक्य. तुझ्या आईचं कल्याण होईल. जिभेला काय हाड आहे?"

टाचणी ते वाक्य म्हणून बघायची आणि तिला स्वतःचाच राग यायचा. तसं पाहिलं तर वाक्य सोपं होतं. मान वाकडी करा, एक वाक्य टाका, आईला खोली मिळेल. नाही म्हटलं तर मिळणार नाही, आणि ते आपल्यामुळे. एवढं ओझं त्या टीचभर पोरीच्या डोक्यावर ठेवून मोठी माणसं फुगे फुगवायला निघून गेली होती.

रात्री घरी आई कात्रीने पुठ्ठा कापत होती, तेव्हा टाचणी तिच्याजवळ जाऊन बसली.

"आई, म्हणू का मी ते?"

आईने कात्री खाली ठेवली. "मी तुला खोटं बोल म्हणून सांगणार नाही. आणि माझ्यासाठी सगळ्यांशी भांड असंही सांगणार नाही. वर गेल्यावर भीती वाटली तर नमस्कार म्हण आणि खाली ये. मी तुला काहीही बोलणार नाही."

"आणि जागा?"

"जागा मी मागितलीय. नाही मिळाली तर दुसऱ्या कारखान्यात मागेन. ते माझं मी बघेन, तू नाही बघायचं. कळलं?"

कळलं, असं टाचणीने मानेनेच सांगितलं. पण आईने कात्री पुन्हा उचलली तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला होता, तेही तिने पाहिलं. आईला ती खोली हवी होती. फार हवी होती.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बघावं तिकडे हसरे चेहरे टांगलेले. फुग्यांवर चेहरे, भिंतींवर चेहरे, सरबताच्या पेल्यांवर चेहरे. त्या सगळ्यांच्या खाली बसलेली माणसं मात्र कधी एकदा संपतंय म्हणून घड्याळ बघत होती. व्यासपीठावरच्या टेबलाकडे टाचणीचं लक्ष गेलं आणि ती उडालीच. तिच्या आईचे नमुने! मॅडमनी त्यांच्यावर रिबिनी बांधून सजावट केली होती. एकात फुलं, दोनांत बिस्किटं, आणि डिंकाशिवाय बंद होणारा जो सर्वात मोठा खोका, ज्याच्यापायी आईने कितीतरी पुठ्ठे वाया घालवले होते, त्याच्यात 'आपला माणूस'चा चकचकीत चषक उभा. आईच्या नावाची चिठ्ठी कुठे दिसत नव्हती. रिकामी पिशवी टेबलाखाली पडली होती.

मुलांची वाक्यं सुरू झाली. एका मुलाने सांगितलं की त्याच्या बाबांना सुट्टीच्या दिवशी करमतच नाही. त्याचे बाबा तेव्हा मागच्या रांगेत जांभई देत होते. एका मुलीने सांगितलं की तिची आई झोपेतसुद्धा कारखान्याचं नाव घेते. काय म्हणून घेते, ते तिने सांगितलं नाही. प्रत्येक वाक्याला मालक मान डोलवत होते. सगळी वाक्यं आपल्याच मॅडमनी लिहिलीत हे त्यांना माहीत होतं, तरीही ते खूश होत होते. स्वतःच्या खर्चाने स्वतःची स्तुती ऐकून इतकं सुखावणारं माणूस टाचणीने पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग टाचणीला बोलावलं. पहिल्या रांगेतून काकांनी मान वाकडी करून दाखवली.

टाचणीने माईक धरला. "माझ्या आईला..." ती म्हणाली आणि थांबली.

"काहीच नको," मॅडम कुजबुजल्या.

"माझ्या आईला नमुना खोलीतली जागा हवीय," टाचणी म्हणाली. "काहीच नको असं ती कधीच म्हणाली नाही. ती म्हणते, इथे नाही मिळाली तर दुसरीकडे मागेन. पण तिला इथेच हवीय, कारण इथले खोके कुठे फाटतात ते तिला माहितीय. घरी ती तेच बोलत असते. मला तर कंटाळा येतो."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मॅडमचा हात माईककडे आला, पण मालकांनी तो अडवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे बाळ, आम्ही नाही म्हटलं तर तुझी आई निघून जाणार?"

"हो."

"मग तिचं आमच्यावर प्रेम कुठे आहे?"

टाचणीला खरंच प्रश्न पडला. "खोक्यांवर आहे ना," ती म्हणाली. "तेवढं पुरत नाही का?"

हे वाक्य मॅडमनी लिहिलेलं नसल्यामुळे मालकांना कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा आवडलं नाही. त्यांनी माईक घेतला. "बघितलंत?" ते सभेला म्हणाले. "स्वतःचाच विचार! अरे, कुटुंबात कोणी असं मागतं का? मला सांगा, या सभागृहात असं कोणी आहे का, ज्याला खरोखर काहीच नको?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका उभे राहिले. मान आपोआप हलली.

"तुम्हाला कोणती जागा आवडेल?" मालकांनी विचारलं.

"आपण द्याल ती, साहेब."

"याला म्हणतात आपलेपणा! नमुना खोलीची जागा मी यांनाच देतो!"

टाळ्या पडल्या. हसऱ्या फुग्यांच्या खाली काका उभे होते आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडत चालला होता. ज्या माणसाला सरळ रेघ पट्टी धरूनही मारता येत नव्हती, त्याला रेघा ठरवायच्या खोलीत बसवलं होतं. नको म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि हवंय म्हणायचीही नव्हती. माणसाने आपलं सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं की असं होतं. नाव कुठेही जाते, आणि आपण तिच्यात बसून मान हलवतो.

टाचणी व्यासपीठावरून उतरली ती सरळ आईपाशी गेली. "आई, माझ्यामुळे गेली ना?"

आई तिच्यासमोर उकिडवी बसली. तिचे डोळे ओले होते, पण आवाज स्वच्छ होता. "तुझ्यामुळे नाही. ज्यांना मी शांत बसलेली हवी होते, त्यांनी मला ती खोली दिली असती तरी शांतच बसवलं असतं. उद्या मी दुसऱ्या कारखान्यात विचारायला जाणार आहे. नमुने लागतील. ते घेते आणि निघू आपण."

तेवढ्यात काका लगबगीने आले. आवाज इतका बारीक, की हेच ते जिन्यात 'का-ही-च' शिकवणारे काका यावर विश्वास बसू नये.

"अगं, ऐक. तू जाऊ नकोस. तू यंत्रावरच राहा आणि आकृत्या तेवढ्या घरून काढून देत जा. मी वर नेऊन दाखवत जाईन. घरातल्या घरात कोणाला कळणार?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. आधी तिला राग आला, मग दया आली, आणि शेवटी दोन्ही टिकलं नाही.

"नाही, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही वरच्यांना सांगा ना. ते ठरवतील."

ती टेबलाशी गेली. मॅडम आडव्या आल्या. "अहो, आत्ता कुठे नेता? सजावटीची शोभा जाईल. आणि पुठ्ठा कारखान्याचा आहे."

"रद्दीतला आहे. विचारून घेतला होता. आणि तुमच्याकडे तो बघायला दिला होता, मॅडम, बिस्किटं ठेवायला नाही."

मॅडम हसल्या. 

आई पहिल्या खोक्याची रिबीन सोडायला लागली. सभा बघत होती. मागच्या रांगेतला तो जांभई देणारा बाबासुद्धा सरसावून बसला. दिवसभरात पहिल्यांदाच तिथे काहीतरी बघण्यासारखं चाललं होतं. मालकांनी घसा साफ केला आणि सरबताचा पेला तोंडाला लावला.

टाचणी आईच्या मागोमाग व्यासपीठावर चढली. तिने टेबलाखालची पिशवी ओढून तोंड उघडून ठेवली. मग सर्वात मोठ्या खोक्यापाशी गेली, आतला चषक दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढला आणि खाली उभ्या असलेल्या काकांच्या हातात दिला. "धरा, हा तुमचा," ती म्हणाली. काकांनी धरला. मग तिने खोक्याचे कान एकेक करून सोडवले, त्याला तळहाताने दाबून सपाट केलं आणि अलगद पिशवीत सरकवलं.